कोरड्या हापशापर्यंत

आमच्या गावात म्हातारा माणूस पळताना दिसला की लोक हातातलं काम टाकून उभे राहतात. काहीतरी झालं असणार. कुणी विहिरीत पडलं, कडब्याची गंजी पेटली, न्हाई तर जनावर सुटलं. पोलीस भरतीची पोरं पळतात त्यांना कुणी इचारत न्हाई. पण सत्तरीचा गडी धोतर वर खोचून, पायात बूट घालून, पहाटं डांबरी रस्त्यानं पळून राह्यला, तर त्याला कारण पाहिजे.

म्हणून मी हातात दावं घ्यायचो.

पहिले दीड-दोन महिने मी दावं घेऊनच पळलो. कुणी इचारलं, "आबा, काय झालं हो?" तर म्हणायचो, "वासरू सुटलं." वासरू गोठ्यात बांधलेलं असायचं. आयुष्यात मी खोटं कमी बोललो असं न्हाई, पण असलं खोटं कधी बोललो नव्हतो. हे मी मंडळीकडून उचललं. तिच्या हातात दावं नव्हतं, कळशी होती. ते आधी सांगतो, न्हाई तर पुढचं काही कळायचं न्हाई.

तिला साखर निघाली तेव्हा जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, गोळ्या घ्या, गोड बंद करा, अन् रोज अर्धा-पाऊण तास झपझप चाला. मी तिथंच हसलो. म्हणलं, "डॉक्टरसायब, हिनं चाळीस वर्षं कापूस वेचला, डोक्यावर भारे वाहिले. हिला काय चालायचं शिकवता?"

डॉक्टर पोरगाच होता, पण शांत. म्हणला, "बाबा, ते काम झालं. हे औषध आहे. रिकाम्या हातानं चालायचं."

बसमध्ये ती खिडकीकडं बघत म्हणली, "अहो, रिकाम्या हातानं कशी चालू मी गावातून?"

मी म्हणलं, "नको चालू. शहरातल्या बायांचं असतं ते."

वाटूरला उतरल्यावर तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली अन् गावापर्यंत तीच घेऊन चालली.

तिचं म्हणणं बराबर होतं. आमच्याकडं बाईमाणूस रस्त्यानं रिकाम्या हातानं दिसत न्हाई. हातात इळा, डोक्यावर घमेलं, काखेत लेकरू, काहीतरी पाहिजेच. देवळात निघाली तरी हातात तांब्या असतो. नुसतीच चालली तर चार दारांतून इचारतात, "कुठं गं?" अन् "कुठंच न्हाई, चालून राह्यले" असं उत्तर कुणी दिल्याचं मी ऐकलं न्हाई.

चार दिवसांनी ती कळशी घेऊन निघाली. म्हणली, हापशाचं पाणी आणते. हापसा गावाबाहेर, मोसंबीच्या बागांकडं जाणाऱ्या रस्त्याला. आमच्या दारापासून लाइटचे एकोणीस खांब. घरात नळ असताना तिकडं कशाला, असं मी म्हणलं. "नळाच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई," ती म्हणली. डाळीचं नाव निघालं की मला बोलायला जागा उरत न्हाई. पुढं कधीमधी टोमणा मारायचो, "तुझ्या डाळीपायी चपला झिजून राह्यल्या." ती हसायची, कळशी काखेला लावायची, वरून पदर घ्यायची अन् जायची. सकाळी एक खेप, दिवस कलल्यावर एक.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत असं चाललं. ती अंगानं हलकी झाली. साखर उतरली होती, ते मला फार मागून कळलं. तपासणीचा कागद घरातच होता. चौथी शिकलेल्या माणसाला आकडे वाचता येतात, पण मी कधी उघडून बघितला न्हाई.

चैत लागला अन् हापसा कोरडा पडला. दर साली पडतो. दांडा मारला की आतून नुसती घरघर येते, दम्याच्या माणसासारखी. तरी ती जायची. दोन-तीन दिवस मी बघितलं. मंग एका सकाळी ओट्यावर चार माणसं चहा घेत बसलेली असताना मी बोललो. शब्द अन् शब्द ध्यानात आहे.

"कोरड्या हापशाला कळशी घेऊन जाती, येडी झाली का? लोक हसून राह्यले. आता कशाला? पाऊस पडल्यावर जाय."

माणसं खरंच हसली. ती उंबऱ्यात उभी होती. तिनं पदर सारखा केला, आत गेली अन् कळशी फळीवर पालथी घातली. मला वाटलं, चला, ऐकलं एकदाचं.

पाऊस पडला. हापशाला पाणी आलं. ती गेली न्हाई, अन् मी बी जा म्हणलं न्हाई. श्रावणात तिच्या पायाच्या बोटात काटा मोडला. तिला कळलाच न्हाई, साखरेनं पाय बधिर झाले होते. बोट काळं पडलं तेव्हा आम्ही जालन्याला नेलं. आधी बोट काढलं, मंग पाऊल, मंग ताप अंगात भरला. दिवाळीच्या आधी आठ दिवस ती गेली. शेवटचं काय बोलली म्हणून लोक इचारतात, जसं काही मोठं बोलली असंल. "गाईला पेंड ठेवली का?" म्हणली. मी "ठेवली" म्हणलं. मी तीन दिवसांपासून तिच्या खाटेजवळच होतो. गाईला कुणी काय ठेवलं ते मला ठाऊक नव्हतं.

तेरवी झाल्यावर जालन्याहून आलेली सून भांडी घासायला बसली. आमच्या पाण्यात क्षार लई. हंडा असो, कळशी असो, चार महिन्यांत आतून चुन्यासारखा पांढरा थर धरतो, चिंच लावून घासला तरी जात न्हाई. सुनेनं फळीवरची कळशी काढली, आत हात फिरवला अन् थांबली.

"दादा, ही आतून कोरी आहे."

मी हात घातला. नव्या भांड्यासारखी गुळगुळीत. मी सुनेकडं बघितलं. ती खाली मान घालून म्हणली, "आई कधी भरायच्याच न्हाईत. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं ना. मला फोनवर म्हणायच्या, ह्यांना सांगू नको, हसतील."

ह्यांना सांगू नको, हसतील.

साडेचार-पाच महिने ती बाई माझ्या नजरेसमोरून रिकामी कळशी घेऊन गेली अन् रिकामी घेऊन आली. भरल्या कळशीची चाल अन् रिकाम्या कळशीची चाल ह्यातला फरक मला दिसला न्हाई. मी शेतकरी माणूस. बैलाचा खूर किंचित दुखत असला तर बांधावरून ओळखतो.

ती चालत राहिली असती तर वाचली असती का, हे मी डॉक्टरला इचारलं न्हाई. त्यानं "तसं काही सांगता येत न्हाई बाबा" म्हणलं असतं, अन् माझ्या पाठीवर हात ठेवला असता. मला तो हात नको होता.

संक्रांत झाल्यावर मी त्या रस्त्यानं चालायला लागलो. कशासाठी ते मलाच धड कळत नव्हतं. एवढंच ठरवलं की हापशापर्यंत जायचं अन् यायचं, अन् उन्हाळा पार करायचा. चैतात ती थांबली, म्हणजे मी थांबवली. मी चैतात थांबायचं न्हाई, वैशाखात थांबायचं न्हाई, पाऊस पडेपर्यंत एक खाडा करायचा न्हाई. देवाला बोललो न्हाई. तिच्या फोटोला बी बोललो न्हाई. तिथं बोलायला तोंड पाहिजे.

पण चालणं जमेना. चालताना मन बरोबर चालतं. दोन खांब झाले की डोळ्याला पाणी यायचं, अन् समोरून दूधवाला आला की तोंड लपवायला जागा न्हाई. मंग एक दिवस चिडून पळालो. तेव्हा कळलं, पळताना दम लागतो, अन् दम लागला की रडायला दम उरत न्हाई. म्हणून पळायला लागलो. तब्येत-बिब्येत सगळं नंतरचं.

पहिल्या दिवशी दारातून सुटलो तो तिसऱ्या खांबाला धरून खालीच बसलो. तोंडाला फेस यायचा बाकी होता. मागून डायवर आला. डायवर म्हणजे माझा दोस्त, मशिदीमागं राहतो, तीस वर्षं एसटी चालवून घरी बसला. त्याच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तो रोज चालतो, थोडं पळतो बी. मुसलमानाच्या बाप्याला गावात कारण इचारत न्हाईत असं न्हाई, पण छातीवरची शिवण तो सदरा उघडून दाखवतो, मंग लोक गप बसतात.

"क्या रे बुढ्ढे, मरना है क्या?"

"तुला काय करायचं?"

"गाडी पहिल्या गिअरला उचलतात, येड्या. तू डायरेक चौथा टाकून राह्यला. इंजिन बसंल." तो माझ्या शेजारी टेकला. "एक खांब पळायचा, दोन खांब चालायचे. परत एक पळायचा. अन् पळताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत न्हाई म्हणजे जल्दी करून राह्यला."

"मला कुणाशी बोलायचं न्हाई."

"मंग मला शिव्या दे. तेवढं तर येतं तुला."

तसंच केलं. एक खांब त्याला शिव्या देत पळायचो, दोन खांब दोघं गप चालायचो. लेकाचे जुने बूट होते, पुढं चिंध्या कोंबून घातले. शिमग्याच्या सुमाराला दोन खांब पळून दोनच चालायला लागलो. पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. रात्री तिच्याच बाटलीतलं तेल चोळायचो.

दाव्याचं खोटं शिमग्यानंतर फुटलं. त्या दिवशी डायवर बरोबर नव्हता. दुसऱ्या खांबापाशी दोघं-तिघं उभे होते, त्यांनी इचारलं, मी पळता पळताच "वासरू!" म्हणलं. माणसं भली. एकानं काठी घेतली, दुसरा बांध ओलांडून आडवा पळाला, एक मोटारसायकल काढून वाटूरच्या दिशेनं गेला वासराला म्होरून अडवायला. माझ्या मागं पाच-सहा जण. मी पुढं, ते मागं, अन् वासरू कुठंच न्हाई. तेवढ्यात शेजारची म्हातारी काठी टेकत आली अन् वरच्या आवाजात म्हणली, "अरे ए, कुणाचं वासरू? आबाचं तर गोठ्यात हाय. आत्ता हंबरलं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मी पळून राह्यलो," मी म्हणलं.

"कशापायी?"

"पळायचं म्हणून."

"मंग दावं कशाला?"

मी दावं पाठीमागं घेतलं. एक जण म्हणला, "आबाला दुसरी करायची दिसती, अंग कमवून राह्यला!" अन् जो हशा पिकला. मी रागावलो न्हाई. ओट्यावर बसलो असतो तर मीच हे बोललो असतो, ह्याच्यापेक्षा वाईट बोललो असतो. हशा संपत आला तेव्हा तो मोटारसायकलवाला आला, मागच्या शिटावर एक पोरगा अन् पोराच्या मांडीवर कुणाचं तरी भलतंच वासरू. "धरलं आबा!" मंग तर लोक रस्त्यावर बसून हसले. मी बी हसलो. तिच्यानंतर पहिल्यांदा हसलो, अन् हसताना ध्यानात आलं की हे घरी जाऊन सांगायला कुणी न्हाई.

दुसऱ्या दिवसापासून दावं खुंटीला. कुणी "कुठं आबा?" म्हणलं की मी "पळायला" म्हणायचो. चार दिवस हसले. पाचव्या दिवशी कुणी इचारलं न्हाई. एवढंच होतं ते. पाच दिवसांचं काम. मी बाप्या म्हणून पाच दिवसांत सुटलो. तिला कोणी सोडलं असतं का, हे मला सांगता येत न्हाई. पण घरातून सुरुवात झाली असती तर कदाचित.

चैत लागला. सकाळी सातलाच रस्ता तापायला लागला. डायवरनं वेळ अलीकडं घेतली. तांबडं फुटायच्या आत निघायचं, सूर्य वर यायच्या आत घरी. निघताना तांब्याभर पाणी, डोक्याला ओलं उपरणं, सदऱ्याच्या खिशात कांदा. कांद्यानं ऊन लागत न्हाई म्हणतात. डायवर म्हणला, "कांद्यापेक्षा पाणी पी," पण त्याच्या बी खिशात कांदा असायचा. बोडक्या रानातून गरम वारं यायचं, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून टाकलेल्या, मोसंबीच्या बागा तेवढ्या हिरव्या, त्या बी धुळीनं भरलेल्या. एकोणिसाव्या खांबाला पोचलो की हापशाचा दांडा तीनदा मारायचा. घरघर. मंग परत फिरायचं. डायवरनं एकदा इचारलं, "ह्याला काय मारून राह्यला रोज? ते सुकलेलं आहे." मी म्हणलं, "हाय मला माहीत." त्यानं परत इचारलं न्हाई.

अक्षय तृतीयेला आमच्यात गेलेल्यांच्या नावानं मातीचं भांडं पाण्यानं भरून पुजतात. तिचं पहिलंच वर्ष. लेक जालन्याला सळईच्या कारखान्यात आहे, एक दिवसाची सुट्टी काढून आला, सून आली. भांडं भरलं, वर आंबा ठेवला, पुरणाचा निवद दाखवला. मी फळीवरची कळशी काढून सुनेपुढं ठेवली.

"ही बी भर."

"दादा, ही कशाला?" लेक म्हणला. "मातीचंच लागतं."

"मातीचं रीतीपुरतं. ही तिला."

लेकानं सुनेकडं बघितलं. सुनेनं कळशी नळाखाली धरली. भरली. मी उचलून पाटापर्यंत न्यायला गेलो तर मनगट वाकलं. तेव्हा ध्यानात आलं, ही भरलेली घेऊन एकोणीस खांब झपझप कुणाला चालता येत न्हाई. रिकामी होती म्हणून ती चालू शकली. अन् पाणी न्हाई म्हणून मी तिला बोललो.

वैशाखात एक दिवस उशीर झाला. गाय रात्रीपासून चारा खात नव्हती, तिच्यापाशी थांबलो, निघेपर्यंत ऊन वर आलं. डायवर म्हणला, आज राहू दे. मी ऐकलं न्हाई. अकराव्या खांबाला डोळ्यापुढं काळं आलं, मंग पिवळं आलं, मंग रस्ता गालाला लागला. लई गरम होता, तेवढं आठवतं. डायवरनं अन् एका ट्रॅक्टरवाल्यानं उचलून आणलं. डोक्यावर पाणी, तोंडात कैरीचं पन्हं, गावातल्या डॉक्टरनं एक बाटली लावली. दुपारी लेकाचा फोन आला. कुणीतरी त्याला कळवलं होतं.

"दादा, बस झालं आता. वय काय, ऊन काय. आता कशाला? पाऊस पडल्यावर करा."

मी फोन कानाला धरून बसलो. तेच शब्द. त्याला काय माहीत, त्या सकाळी तो ओट्यावर नव्हता. त्यानं मायेनं म्हणलं, हे मला कळतं. मी बी काही वैऱ्यासारखं म्हणलं नव्हतं. तिला बी ऊन लागू नये असं मला वाटत असंल की. आठवून बघितलं, खरंच वाटत होतं का. आठवत न्हाई. लोक हसून राह्यले, हेच आठवतं.

"दादा? ऐकताय का?"

"ऐकून राह्यलो."

तिकडं काहीतरी खुडबुड झाली अन् सुनेचा आवाज आला. हळू बोलत होती. "दादा, जायचं तर जा तुम्ही. पण ऊन व्हायच्या आत घरी या. अन् एकटे नका जाऊ."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मी बूट घातले. डायवर दारात उभाच होता, जसा काही मला अडवायला आला.

"आज छुट्टी."

"न्हाई."

"अरे मरेगा तू!"

"ती मेली ना."

तो दारातून बाजूला झाला. मंग ओट्यावर बसला, त्याच जागी, जिथं मागच्या चैतात चहा घेत बसला होता. त्या चौघांत तो बी होता, हे मी आतापर्यंत सांगितलं न्हाई. आम्ही दोघं कधी त्याच्यावर बोललो नव्हतो.

"भाभी कळशी घेऊन उभी होती," तो म्हणला. "हसलो मी पण होतो, यार. माझ्या घरात दोन-दोन लेकी, तरी मला कळलं न्हाई. तू त्यापायी जीव द्यायला निघाला, तर मी काय करू?"

तो उठला. "एक खांब," तो म्हणला. "फक्त एक. पळायचं न्हाई. हात धर."

आम्ही दोघं म्हातारे हातात हात घालून पहिल्या खांबापर्यंत गेलो, खांबाला हात लावला अन् परत आलो. खाडा पडला न्हाई. दुसऱ्या दिवशी दोन खांब. मंग चार. आठ-दहा दिवसांत परत हापशापर्यंत पोचलो. पळणं कमी, चालणं जास्त. चालताना डायवर बडबड करायचा, एसटीच्या गोष्टी सांगायचा, अंबडच्या स्टँडवर कुणाची कोंबडी सुटली अन् सगळी बस कशी मागं लागली, असल्या. मला रडायला जागा मिळू नये म्हणून बोलतो, हे मला कळत होतं.

मागच्या आठवड्यात डायवर लेकीकडं गेल्ता. मी एकटाच निघालो. सुनेचं ऐकलं न्हाई, पण तब्येत बरी होती. दोन खांब पळायचो, दोन चालायचो. पंधराव्या खांबाच्या पुढं गेलो तर म्होरं हापशापाशी कुणीतरी बाई दिसली.

मागच्या गल्लीतली सून होती. पस्तिशीची असंल, दोन लेकरं, बाळंतपणानंतर अंगानं जड झालेली. सासरा माझ्या ओळखीचा, ओट्यावर बसणाऱ्यांतलाच, तोंडाचा फटकळ. त्यांच्या घरी बोअर आहे. उन्हाळ्यात सगळी गल्ली त्यांच्याकडून पाणी नेती.

ती माझ्याकडं तोंड करून उभी होती. कमरेला घागर. तिनं मला बघितलं अन् घाईनं पदर घेतला, अन् घागर कमरेवर नीट बसवायला गेली. घागर हलली. भरलेली घागर कमरेवर बसती, रिकामी हलती. एवढं मला आता दिसतं.

मी थांबलो. धाप लागली होती. तिच्या कपाळावर घाम होता, पोटऱ्यांपर्यंत धूळ. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की आता हा म्हातारा काय बोलणार. हसणार, का संध्याकाळी ओट्यावर सांगणार.

"पाणी आलंय का बघाया आल्ते, आबा," ती म्हणली.

मी हापशाकडं बघितलं. दांड्यावर धूळ तशीच होती, हात बी लागला नव्हता. मी पुढं होऊन तीनदा दांडा मारला. घरघर. दोघांनी ऐकली.

"आज न्हाई आलं," मी म्हणलं.

"न्हाई ना."

"उद्या बघ येऊन. रोज बघत जाय. काय सांगता येतं."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. थट्टा करून राह्यला का खरं बोलून राह्यला, हे तिला कळेना. मंग कळलं. ती हसली न्हाई, तिनं फक्त मान खाली घातली अन् घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली.

"कवा येऊ, आबा?"

"ह्याच टायमाला. ऊन व्हायच्या आत."

"अन् मामंजींनी इचारलं तर?"

"म्हणाव, हापशाचं पाणी गोड असतं. नळाच्या, बोअरच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. मला इचारायला लाव, मी सांगतो त्याला."

ती निघाली. झपझप. मी हापशापाशी उभा राहून ती पाच-सहा खांब ओलांडेपर्यंत बघितलं. उद्या बघ येऊन, एवढंच म्हणायचं होतं. मागच्या चैतात, ओट्यावर, चार माणसांत, मला एवढं सुचलं न्हाई.

ती दुसऱ्या दिवशी आली. पाणी आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बी आली. अजून पाऊस न्हाई, पण आता तो कधी पडतो ह्याची मी वाट बघत न्हाई. पडला तरी जायचंच आहे.

त्या पहिल्या दिवशी ती गेल्यावर मी परत फिरलो. पायात बळ होतं, दम बी परत आला होता, अन् रस्ता अजून थंड होता. तरी परतीचे एकोणीसच्या एकोणीस खांब मी चालत आलो, तोंड न लपवता.